वाकणारी सुरी

गाडी सुटायला आली तेव्हा आई मामीला बाजूला सारून खिडकीखाली आली आणि तिने माझं मनगट धरलं. देवगडच्या स्टँडवर मुंबईची लाल गाडी उभी होती. टपावर आमची वळकटी, तांदळाची गोणी आणि गोणपाटात गुंडाळलेली विळी चढली होती. सगळे जण ‘लवकर ये’, ‘गणपतीला ये’ म्हणत होते. आई म्हणाली, ‘‘येवची घाई करू नको गो बाय. घोवान पाठवल्यान तरी येव नको. थंयच ऱ्हव.’’ मामी हसली. तिला वाटलं, रडता रडता आईची जीभ अडखळली. हे शेजारीच बसले होते, त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी मात्र घाबरले. ऐंशी साल नुकतंच लागलं होतं, माझ्या हातातला चुडा अजून कोरा होता, आणि लेकीला ‘परत येऊ नको’ सांगणारी आई मी तोवर पाहिली नव्हती.

तिचं म्हणणं मला गाडीत, घाट चढताना उमगलं. माझे बाबा गिरणीत होते. आयुष्यभर ते मुंबईत आणि आई गावी. गणपती आणि शिमगा एवढाच त्यांचा संसार. बाबा आले की आई आठ दिवस नवं लुगडं नेसायची, त्यांना वेगळ्या तांब्यात पाणी द्यायची, आणि आम्ही पोरं दाराआडून ‘चाकरमानी इलो’ म्हणून बघत राहायचो. स्वतःच्या बापाशी काय बोलायचं हेच आम्हाला सुचत नसे. गावातल्या निम्म्या बायांचं असंच होतं. ‘दोन महिने गावी जाऊन ये’ असं सांगून नवऱ्याने पाठवलेली बाई दोन महिन्यांनी परत मुंबईला गेली, असं मी क्वचितच पाहिलं. तुम्ही ज्या तिथेच राहिलात, त्या हे वाचून रागावू नका. मी तुम्हाला कमी लेखत नाही. मला फक्त भीती वाटत होती, आणि ती भीती मी विळीबरोबर गोणपाटात बांधून घाटकोपरला आणली.

घाटकोपरच्या डोंगरावर आमची खोली होती. वर पत्रा, शेजारी ताराकाकू, खाली नळ. विमानं आमच्या डोक्यावरूनच सांताक्रूझकडे उतरायची, इतकी खाली की पत्रा थरथरायचा आणि वैशू झोपेतून दचकून उठायची. वैशू म्हणजे आमची मुलगी, वर्षाच्या आतच झाली. हे गिरणीत, मी घरात, सगळं झकास चाललं होतं असं म्हणायला हरकत नाही. मग गिरण्यांचा संप लागला. सुरुवातीला सगळे म्हणायचे, महिन्याभरात मिटेल. मग म्हणायचे, शिमग्यापर्यंत. मग कोणी काही म्हणेनासं झालं. हे सकाळी मोर्चाला किंवा गेटवर जायचे आणि परत येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे. एका दुपारी, माझ्याकडे न बघताच म्हणाले, ‘‘गणपतीची दोन तिकिटा काढलंय. तू गावाक जा वैशूक घेवन. थंय भात तरी आसा. हंय काय खातलंस?’’

‘‘आणि परत कधी?’’ मी विचारलं.

‘‘संप मिटलो काय येशील.’’

मी भांडले नाही. भांडण्यासारखं त्यांनी काही केलंच नव्हतं. ते माझ्यापेक्षा जास्त घाबरलेले होते, एवढंच. पण गणपती तोंडावर आले होते, आणि मला माझी आई दिसत होती, ओटीवर बसून रस्त्याकडे बघणारी.

ताराकाकू अंधेरीला एका मोठ्या किचनमध्ये ट्रे धुवायला जायच्या. विमानात जे जेवण देतात ते तिथे बनायचं. त्या म्हणाल्या, नारळी पौर्णिमा झाली, ताजा मासा सुरू झालाय, मासळीच्या टेबलावर बाया कमी पडतायत, तू कोकणातली ना? मी म्हटलं, हो. मासा कापायला मला कोण शिकवणार होतं! पाच-सहा वर्षांची असल्यापासून विळीवर बसत होते. दुसऱ्याच दिवशी वैशूला ह्यांच्याजवळ ठेवून साकीनाक्यावरून जाणाऱ्या बसने मी त्यांच्याबरोबर गेले.

ते किचन पाहून मी दारातच थबकले. पांढऱ्या लाद्या, गार हवा, लांबच लांब टेबलं आणि सगळ्या बाया उभ्या. बसायला पाट नाही की विळी नाही. मासळीच्या टेबलाची मुख्य रोझीआंटी, मढ गावची, पन्नाशीची, जाड भिंगांचा चष्मा आणि तोंडात कायम बडीशेप. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. म्हणाली, ‘‘सुरी स्वतःची आणायची. इथे कोणी कोणाची सुरी घेत नाय. उद्यापासून ये, गणपतीपर्यंत बघते, मग साहेब सांगेल.’’

मग तिने मला काम दाखवलं. रावसाचं अख्खं मांस मधल्या काट्यापासून एका सलग पट्टीत सोडवायचं, कातडं काढायचं, आणि आत एकही काटा ठेवायचा नाही. त्या पट्टीला तिथे फिले म्हणायचे. ‘‘विमानात कोणाच्या घशात काटा गेला तर विमान थांबवता येत नाय,’’ ती म्हणाली. ‘‘समजलं काय?’’

समजलं, आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली. आपल्याकडे काटा ही भीतीची गोष्टच नाही. पोर बोलायला लागण्याआधी काटा काढायला शिकतं, आणि लागलाच तर सुक्या भाताचा गोळा गिळायचा. पण आता डोक्यावरून विमान गेलं की मला वाटायचं, आत कोणीतरी म्हातारा बसलाय, समोर पदार्थ छान सजवून ठेवलाय, आणि त्यात मी ठेवलेला काटा आहे. मी अजून एकही फिले कापला नव्हता, तरी भीती आधीच येऊन बसली होती.

सुरी घ्यायला अंधेरी स्टेशनजवळच्या बाजारात गेले. पात्यांचं एक दुकान होतं. म्हाताऱ्या दुकानदाराने गोणपाटावर सुऱ्या मांडल्या होत्या, आखूड, लांब, रुंद, अरुंद. मी आजवर कधी सुरी निवडली नव्हती. घरात विळी असते, ती असतेच, तिला कोणी निवडत नाही. काही सुऱ्या इतक्या पातळ की मी पुढे केलेला हात मागे घेतला. टोक सुईसारखं, आणि दुकानदाराने एक हलवून दाखवली तर पातं थरथरलं. असलं जिवंत काही घरात वैशूच्या आसपास ठेवायचं? मी सगळ्यात जाड, रुंद पाठीची, न वाकणारी सुरी उचलली. विळीच्या पातीशी तिचं थोडंफार नातं वाटलं. भीती त्यातल्या त्यात तिचीच कमी वाटली, म्हणून घेतली. तुम्ही माझ्या जागी असतात तर तुम्हीही तीच घेतली असती.

दुसऱ्या दिवशी रोझीआंटीने ती टेबलावर टोक टेकवून दाबली. पातं जागचं हललं नाही. ‘‘ही काय नारळ फोडायला आणली?’’ तिने विचारलं. आजूबाजूच्या बाया हसल्या. पण तिने हाकलून दिलं नाही. ‘‘ठीक आहे, आज हिच्यानेच कर.’’

मग माझं खरं रूप सगळ्यांनी पाहिलं. मी सुरी मुठीत उभी धरली, घट्ट, धार माझ्याकडे, आणि दोन्ही हातांनी मासा तिच्यावर ढकलायला जाणार, तर दुसरा हात सुरीतच अडकलेला! विळीवर पाती जागची हलत नाही, आपण मासा हलवतो. माझ्या हातांना तेवढंच ठाऊक होतं. डावा हात मासा घेऊन धारेकडे निघाला आणि अंगठ्याच्या खाली चिरला गेला. रक्त पाहून मला रडूच फुटलं. रोझीआंटीने हळद दाबली, चिंधी बांधली, आणि म्हणाली, ‘‘विळीवाली आहेस तू. सगळ्या कोकणवाल्या हेच करतात. इथे मासा झोपतो, सुरी चालते. आणि हा डावा हात मेला समज. नुसतं वजन ठेवायचं. हलवला तर गेला.’’

हात मेला समज! सांगायला सोपं. फिले करताना डावा तळवा माशावर पसरून ठेवायचा आणि सुरी त्याच्या खालून, मांस आणि काटा यांच्या मधून, आडवी सरकवायची. तळव्याखालून धार जाताना कळते. मांसाच्या बोटभर जाडीपलीकडून ती सरकतेय हे कातडीला जाणवतं, आणि तरी हात हलवायचा नाही. लहानपणापासून हाताला शिकवलेलं, पाती दिसली की सावध हो. आता नेमका तोच हात गप्प बसवायचा होता. माझ्या कानात आई म्हणायची, ‘‘पातीक बघू नको, म्हावऱ्याक बघ.’’ पण इथे पाती दिसतच नव्हती, ती माशाच्या पोटात होती.

संध्याकाळी बसस्टॉपवर उभं असताना रोझीआंटी म्हणाली, ‘‘सुरी बदलून घे. टोक टेकवून दाबायची, वाकून सरळ झाली पाहिजे. काट्यावरून ती वाकत जाते, म्हणून मांस वाया जात नाय. आणि मूठ सुक्या हाताने बघू नको. माशाचा चिकटा लागला की सुका हात कुठे राहतो? हात ओला करून धर. घसरली तर बोटं धारेवर.’’

दुसऱ्या खेपेला हे माझ्याबरोबर आले. म्हणजे मी बोलावलं नव्हतं, अंगठ्याची चिंधी बघून आले. दुकानदार जाड सुरी परत घ्यायला कुरकुरला, तेव्हा हेच पुढे होऊन बोलले. मी प्यायला पाणी मागितलं आणि तेच हातावर ओतून एकेक मूठ धरून बघू लागले. दुकानदार ओरडला, ‘‘अहो बाई, गंज चढेल!’’ बहुतेक सुऱ्या घसरल्या. एकीच्या मुठीला पात्याजवळ उंचवटा होता, बोटं तिथे अडायची. पातं वीतभराहून लांब, बारीक. ह्यांनी ते दोन बोटांनी वाकवलं आणि सोडलं. टण्णकन आवाज झाला. ‘‘पोलाद बरं आहे,’’ म्हणाले. मग सुरी माझ्या हातात देत म्हणाले, ‘‘शुक्रवारची गाडी आहे. तिकिटं परत करायची असतील तर आदल्या दिवशी सांग.’’ मी मान हलवली. सुरी निवडून झाली होती, ती मी पदरात गुंडाळली.

घरी सराव कसा करायचा? श्रावण चालू. आमच्या चाळीत सगळे कोकणी, गणपती होईपर्यंत कोणी मासा शिवणार नाही. मी खोलीत रावस आणून कापला असता तर वासाने अख्खा डोंगर गोळा झाला असता. म्हणून मी दोडक्यावर सराव केला. शिरा म्हणजे काटे असं समजायचं आणि त्यांच्यालगत सुरी आडवी चालवायची, गर न दुखावता. डावा तळवा वर पसरून, मेलेला. कामावरून आल्यावर वैशूला ताराकाकूंकडे सोडायचे, दाराला कडी लावायचे आणि ओट्यापाशी उभी राहून दोडके सोलायचे. पहिल्या दिवशी दोडक्याचा भुगा झाला. हळूहळू शिरा सलग निघू लागल्या. आम्ही रोज दोडका खाल्ला. ह्यांनी एकदाही विचारलं नाही, का. फक्त एकदा म्हणाले, ‘‘आज बरो सोललंस.’’

आणि सुरी ठेवायची कुठे, ही वेगळीच भीती. विळी काम झालं की आडवी पाडतात, मग ती निजली. उभी विळी घरात कोणी ठेवत नाही. पण सुरी कशीही ठेवा, जागीच! डब्यावर ठेवली तर वैशूचा हात जाईल, खुंटीला लावली तर पत्रा थरथरून पडेल. ह्यांच्याकडे बघूनही मला भीती वाटायची, हे आज लिहिते. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस आणि घरात असलं पातं. आमच्याच रांगेतल्या एका गिरणीवाल्याने त्या वर्षी काय करून घेतलं होतं ते सगळ्या डोंगराला माहीत होतं. शेवटी मी सुरी फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात, तांदळाच्या खाली पुरून ठेवायला लागले, आणि नळावरून परत आल्यावर दार उघडताना आधी ह्यांचा श्वास ऐकायचे.

गुरुवारी साहेब आला. पांढरा कोट, बोलणं कमी. माझ्यापुढे रावस होता. मी तळवा पसरला, सुरी कल्ल्यामागे घातली आणि चालवली. पातं काट्यावर वाकलं, ते मला मुठीत कळलं, खरखर खरखर, फासळ्यांवरून. माझा डावा हात थंड पडला होता, पण हलला नाही. पट्टी सुटली. कातडं काढलं. साहेबाने ती उचलली आणि शेपटीकडून डोक्याकडे बोट उलटं फिरवलं, कारण काटा उलट्या बाजूने बोचतो. मधे त्याचं बोट थांबलं. त्याने नखाने काहीतरी काढलं, उजेडात धरलं. खवला होता. त्याने तो झटकला, पट्टी ट्रेमध्ये टाकली आणि पुढच्या बाईकडे गेला. हो नाही, काही नाही.

दिवसभर मी रावस कापत राहिले आणि कोणाला विचारायची हिंमत झाली नाही. संध्याकाळी एप्रन उतरवताना रोझीआंटी मागून म्हणाली, ‘‘उद्या टोपी नीट घालून ये. केस दिसतात तुझे.’’ उद्या! मी बसस्टॉपवर जाऊन रडले, आणि लोक बघत होते तरी थांबले नाही.

घरी आले तर वैशूचे कपडे पिशवीत भरलेले. मी म्हटलं, ‘‘मी नाही येत.’’ ह्यांनी पिशवी पुढ्यात ओढली. मग त्यांनी वैशूचे कपडे एकेक करून परत काढले आणि दोरीवर टाकले. शुक्रवारी ते एकटेच गेले, माझ्या नावचं तिकीट त्यांनी शेजारच्या गावच्या एका बाईला दिलं.

इथवर लिहिलं की वाटतं, जिंकले. पण ज्या माझ्यासारख्या इथे आल्या त्यांना माहीत आहे, पुढे काय झालं असेल ते. संप कधी मिटला, कोणाचा मिटला, आम्हाला कळलं नाही. ह्यांच्या गिरणीचं गेट ह्यांच्यासाठी उघडलं नाही. काही दिवस वॉचमनचं काम केलं. मग सासरे आजारी पडले, पेरणीला कोणी नव्हतं, म्हणून हे गेले, आणि पेरणीनंतर लावणी, लावणीनंतर कापणी. कोणी ठरवलं नाही. वैशू आणि मी घाटकोपरला राहिलो. मी दर महिन्याला पोस्टात जाऊन मनिऑर्डर करते. रजा मिळते ती गणपतीला आणि शिमग्याला. आता नव्वद साल तोंडावर आलंय, रोझीआंटी मढला घरी बसलीय, मासळीच्या टेबलावर नव्या आलेल्या मुलींच्या सुऱ्या मी टोक टेकवून बघते. ज्याची भीती वाटत होती ते मी झाले नाही. मी आईसारखी ओटीवर बसले नाही. मी बाबा झाले.

आणि बाबा होणं इतकं भीतीचं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. गाडी आमच्या पाणंदीशी थांबली की मी सगळ्यांत शेवटी उतरते. घरात एक माणूस आहे, तो माझ्याशिवाय जेवतो, माझ्याशिवाय झोपतो, त्याला माझी सवय राहिली असेल का? परक्या बाईसारखी मी दारात उभी राहते. बाबाही असेच उभे राहत असतील, आणि आम्ही पोरं दाराआडून बघत हसत होतो.

यंदा गौरी गेल्यावर ह्यांनी जेटीवरून रावस आणला, स्वतः कालवण केलं. मला आणि वैशूला पाटावर बसवलं. माझ्या ताटात भाताशेजारी पांढऱ्या मांसाचा एक ढीग होता, स्वच्छ, एकही काटा नाही. बाजूच्या बशीत त्यांनी काढलेले काटे होते, बारीकसुद्धा. शेतकऱ्याच्या जाड बोटांनी त्यांनी ते किती वेळ बसून वेचले असतील कोण जाणे. ‘‘मुंबयत असाच खातत ना?’’ त्यांनी विचारलं. इतक्या आस्थेने विचारलं की मला खाली बघावं लागलं.

विमानातल्या अनोळखी माणसांसाठी मी रोज असेच काटे काढते. त्यांना मी ओळखत नाही, ते मला ओळखत नाहीत, म्हणून काढावे लागतात. घर म्हणजे काय, तर जिथे माझ्यासाठी कोणी काटे काढून ठेवायची गरज नाही ती जागा, असं मला त्या पाटावर बसल्या बसल्या वाटलं, आणि ती जागा हातातून चाललीय या भीतीने मी ताट पुढे सरकवलं.

‘‘माका काट्याचा वाढा,’’ मी म्हटलं. ‘‘मी पावणी नाय.’’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग तो ढीग उचलून वैशूच्या ताटात टाकला, आणि टोपात पळी फिरवून शेपटीकडची, सगळ्यात काटेरी तुकडी शोधून मला वाढली.

‘‘सांभाळून खा गो,’’ ते म्हणाले, आणि स्वतःचं ताट घेऊन माझ्याशेजारी येऊन बसले.